महिला संस्थेचा चेअरमन

आमच्या आप्पांना सगळा कसबा बावडा चेअरमन म्हणतो. ते कशाचेही चेअरमन नाहीत.

रस्त्यानं निघाले की पानपट्टीवाल्यापासून कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे "नमस्कार चेअरमन" करतात, आणि आप्पाही मान तुकवून तो नमस्कार घेतात. खरं चेअरमनपद माझ्या आईचं, अव्वाचं. आमच्या गल्लीच्या टोकाला महिला दूध संस्था आहे. नियमानं तिथं पुरुषाला साधं सभासदसुद्धा होता येत नाही. बाहेरच्या बोर्डावर रंगवलंय, 'अध्यक्षा: सौ. नीलम्मा महालिंग शेटे', आणि त्याखाली मोबाईल नंबर. तो नंबर आप्पांचा.

हे मी लहानपणापासून बघत आलेय. बघून बघून डोळ्याला सवय होते, मग त्यात काही वावगं वाटत नाही. वाटायला लागलं ते देशमाने मॅडममुळं.

मी एमबीए करते. देशमाने मॅडम आम्हाला संघटन रचना शिकवतात, म्हणजे संस्था कशी उभी असते, कोण कुणाच्या हाताखाली, निर्णय कुठं होतो, हे सगळं. त्यांनी काम दिलं की तुमच्या माहितीतली एक संस्था घ्या आणि तिची दोन चित्रं काढा. एक भिंतीवरचं, म्हणजे कागदोपत्री जसं असतं तसं. दुसरं खरं. कुणीतरी विचारलं, खरं कसं ओळखायचं? मॅडम म्हणाल्या, "सोपं आहे. प्रत्येकाला एकच विचारा, काम अडलं की फोन कुणाला करता? सगळे फोन जिथं जातात, तो मालक. बाकी बोर्ड रंगवायला पेंटर असतोच."

मी अव्वाची संस्था घेतली. म्हटलं घरचीच आहे, सोपं जाईल. डोंबलाचं सोपं.

सकाळी दूध घालायच्या वेळेला जाऊन उभी राहिले. शालूबाई कॅन घेऊन रांगेत होत्या. विचारलं, "मावशी, हे फॅटचं मशीन बंद पडलं तर फोन कुणाला करता?"

"चेअरमनला की."

"म्हणजे आमच्या अव्वाला?"

शालूबाई हसल्या. "तुझ्या अव्वाकडं फोन कुठाय गं बाई? तुझ्या आप्पाला!"

तानाबाईंना विचारलं. त्या तर संस्थेच्या संचालिका. त्या म्हणाल्या, "मी आमच्या मालकास्नी सांगतो. मालक तुझ्या आप्पास्नी सांगत्यात." आणखी एका संचालिकेला विचारलं, तर तिला ती संचालिका आहे हेच माहीत नव्हतं. "सह्या घ्यायला येत्यात अधनंमधनं," म्हणाली. "कशावर ते कोण सांगतंय?"

मला हसू येईना. वहीत नुसते चौकोन काढत होते आणि प्रत्येक चौकोनातनं रेघ कुठल्यातरी बाईच्या नवऱ्याकडं जात होती.

एकच रेघ वेगळी होती. संस्थेची सचिव रूपाली. विहाराजवळच्या गल्लीतली, माझ्याच वयाची, बी.कॉम. झालेली. तिच्या वडिलांना, केरबाकाकांना, आता काम होत नाही, त्यामुळं घर तिच्याच पगारावर चालतं. मीटिंगची नोटीस निघाली की रूपाली काट्याशेजारी उभी राहून ती वाचून दाखवायची. "मंगळवारी मीटिंग हाय. या. तुमचीच मीटिंग हाय, मालकांची न्हाय." एवढंच. ते ऐकून मागच्या मीटिंगला तीनचार बायका खरंच आल्या, आणि येऊन सरळ खुर्च्यांवर बसल्या. पुरुषमंडळींना कुठं बसावं ते कळेना. अर्धा तास नुसते घसा खाकरत बसले म्हणे.

या मंगळवारी मी मुद्दाम गेले. हॉलमध्ये या खेपेला खुर्च्यांवर आधीच सगळे नवरे. मागच्या खोलीत संचालक मंडळ चहा करत होतं. मी विनोद करत नाही, खरंच सांगते, अव्वा गॅसपाशी, तानाबाई कप पुसतायत आणि बाकीच्या खाली बसून बिस्किटांचे पुडे फोडतायत. मी दारात उभी राहिले, दोन्हीकडचं दिसेल अशी.

तानाबाईंच्या मालकांनी, संग्रामदादांनी, आधी रूपालीला दुधाची गाडी आली का बघायला पिटाळलं. मग म्हणाले, "ही पोरगी लई शाणी व्हायला लागलीया. बायकांच्या डोक्यात काय काय भरवती. उद्या आपल्यालाच कायदा शिकवंल." वर म्हणाले, "आन् कुणाची पोरगी, तेबी बघा."

याचा अर्थ काय, असं कुणीच विचारलं नाही. सगळ्यांना कळला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आप्पा म्हणाले, "सचिव बदलू. आमचा सोमशेखर घरात बसूनच हाय. पोरगं आपलं हाय, ऐकण्यातलं हाय."

सोमशेखर माझा भाऊ. सचिव पगारी नोकर असतो, सभासद नाही, त्यामुळं तिथं पुरुष चालतो. गेली दोन वर्षं कट्ट्यावर बसून मोबाईल बघणं हाच त्याचा उद्योग. त्याला आता सचिव करणार, का, तर तो ऐकण्यातला आहे. ठराव संग्रामदादांनी स्वतःच्या हातानं लिहिला. नियमानं सचिवाला काढायचं तर अध्यक्षांची सही लागते. आप्पा म्हणाले, "सही काय, आपल्या घरातच हाय. रविवारी सत्कार होऊ दे, मग करू. उगं शुभकार्यात बोंब नको."

रविवारी सत्कार होता. तालुक्यातली सर्वोत्कृष्ट महिला संस्था म्हणून आमच्या संस्थेला ढाल मिळणार होती.

घरी येऊन मी आप्पांशी भांडले. म्हटलं, "रूपालीनं केलं काय? नोटीस वाचली. तेच तर तिचं काम हाय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तेच शिकाय लागलोय, आप्पा. फी तुम्हीच भरताय."

"मग शिक की. तुझ्या भावाचं भलं व्हायला लागलंय, तर तुझ्या पोटात का दुखतंय?" सोमशेखर शेजारीच जेवत होता. मान वर करून बघितलंसुद्धा नाही. आयत्या बिळावर नागोबा, आणि ते बीळसुद्धा दुसऱ्यानं झाडून ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी रूपालीला गाठून सगळं सांगितलं. तिला आधीच कळलं होतं. म्हणाली, "तू ते संस्थेचं चित्र काढालीस न्हवं? माझा चौकोन काढूच नको. पुसायचा तरास वाचंल." "नोकरी दुसरीकडंबी मिळंल, सुष्मिता. न्हाय मिळाली तर बघू. पर मी चुकलो कुठं, एवढं कुणीतरी तोंडावर सांगावं की. गाडी बघायला पाठवून माघारी काढत्यात मला."

त्या संध्याकाळी मी चित्र पुरं केलं आणि अव्वासमोर नेऊन धरलं. ती भाकरी थापत होती. पिठाच्या हातानं तिनं ते नीट न्याहाळलं.

"मधोमध हे कोण?"

"आप्पा."

"आन् मी कुठं हाय?"

मी कोपऱ्यातला चौकोन दाखवला. आप्पांकडनं एक रेघ तिच्याकडं येत होती, सहीची. तिच्याकडनं कुणाकडंच जात नव्हती.

मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल, डोळ्यात पाणी येईल, मग मी समजूत घालीन. कसलं काय. अव्वा चिडली, आणि चिडली ती माझ्यावर. "ह्याचं तुला मार्क मिळणार?"

"व्हय."

"किती गं हुशार. घरात आई कशी बसलीया त्याचं चित्र काढायचं, मास्तरणीला दाखवायचं आन् मार्क आणायचं. बावीस वरसं तू बी माझ्याच हातचा चहा पितीस. कधी म्हणालीस, अव्वा, तू बाहेर बस, मी करतो?"

अव्वा फार चिडली की कानडीत जाते. "साकु," म्हणाली, म्हणजे बास, आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. तो कागद मात्र तिनं परत दिला नाही. पिठाच्या डब्याखाली सारून ठेवला.

रविवार उजाडला. संस्थेपुढं मांडव घातला होता. तालुक्याच्या दूध संघाकडनं एक अधिकारी बाई येणार होत्या. त्यांच्या हस्ते ढाल. संग्रामदादांनी फेटेवाला बोलावला होता, आणि त्यानं सकाळपासून एकेक करून सगळ्या नवऱ्यांना भगवे फेटे बांधले. बायकांना गजरे. महिला संस्थेच्या सत्कारात फेटे पुरुषांना, आणि त्यात काही खटकतंय असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. वाईट हेतू असता तर एकवेळ परवडलं असतं. यांना खरंच तसंच वाटत होतं.

अधिकारी बाई आल्या. "या पावणं, या," म्हणून आप्पांनी त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं. भाषणं झाली. महिला सक्षमीकरणावर तिघं बोलले, तिघंही पुरुष. मग माईकवरनं पुकारा झाला, "आता ढाल स्वीकारण्यासाठी आपल्या संस्थेच्या चेअरमननी पुढं यावं."

आणि आप्पा उठले.

त्यांचा दोष काय म्हणायचा? वर्षानुवर्षं त्या हाकेला तेच उठत आलेत. फेटा सावरत गेले आणि हात पुढं केले. अधिकारी बाई ढाल हातात धरून तशाच थांबल्या. म्हणाल्या, "ही महिला संस्था आहे ना?"

आप्पा हसून म्हणाले, "मॅडम, घरचंच हाय. आमच्या मंडळी चेअरमन, म्हंजे एकच की."

मांडव हसला. बायकासुद्धा हसल्या. मला तिथंच धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अव्वाला मागच्या खोलीतनं बोलावून आणलं, ती पदराला हात पुसत आली, ढालीची एक कड तिला धरायला दिली, फोटो निघाला. आप्पांच्या गळ्यात शाल. अव्वाच्या ओटीत नारळ.

पाहुणी गेल्यावर मांडवातच चहा फिरला. सगळे खुशीत होते. आप्पांनी खिशातनं ठराव काढला, टेबलावर पसरला आणि पेन ठेवलं. "हं, नीलम्मा, तेवढी सही कर. चांगल्या दिवशी होऊन जाऊ दे."

रूपाली ढालीवरची धूळ पुसत होती. तिचा हात थांबला. तिनं वर बघितलं नाही.

अव्वा टेबलापाशी आली. ठराव उचलला आणि रूपालीपुढं धरला. "वाच."

"काकू, मी कशी वाचू? माझ्यावरच हाय."

"नोटीस वाचतीस तसं वाच. सगळ्यांना ऐकू यायला पायजे."

रूपाली वाचायला लागली. 'संचालक मंडळाच्या सभेत सर्वानुमते ठरले की' इथं आल्यावर अव्वानं तिला थांबवलं आणि बायकांकडं वळली. "तानाबाई, हे ठरलं तवा तू कुठं होतीस?"

"कप पुसत होतो."

"आन् मी?"

"गॅसपाशी."

आप्पांचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाले, "नीलम्मा, चारचौघांत शोभतंय का हे? सही कर, घरी जाऊन बोलू."

अव्वानं पेन उचललं. मला वाटलं, झालं, करतेय सही. तिनं पेन संग्रामदादांपुढं धरलं.

"त्या दिवशी सभेत आम्ही चहा केलता," म्हणाली. "चहाचा ठराव लिवा. त्याच्यावर सही करतो. हे आम्ही केलेलं न्हाय."

शालूबाई मागं बसल्या होत्या. त्यांनी आपल्या हातातला कप खाली ठेवला, उठून पुढच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसल्या. मग तानाबाई. संग्रामदादा नुसते बघत राहिले. त्यांच्या हातात पेन होतं आणि डोक्यावर फेटा.

मग अव्वानं पदराखालनं एक कागद काढला. पिठानं पांढरा झालेला. माझं चित्र. ते तिनं बोर्डाला चिकटवलं, स्वतःच्या नावाखाली, आप्पांच्या नंबरावर.

रूपाली अजून सचिव आहे. आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. अव्वाशी बोलतात, कारण जेवायला लागतं. सोमशेखरला मी फितूर वाटते, वाटू दे. आणि हे सगळं छान झालं, असं मी म्हणणार नाही. बाकीच्या संचालिकांकडं अजूनही घरी सह्या घ्यायला माणूस जातो.

अव्वाला मी माझा जुना मोबाईल दिला. रूपालीनं बोर्डावर नवा नंबर रंगवून घेतला. परवा सकाळी आम्ही चहा पीत होतो, मी केलेला, आणि तो फोन वाजला. आप्पांचा हात सवयीनं पुढं गेला. हात फोनवर पडलासुद्धा.

अव्वानं तो हात बाजूला केला, रागानं नाही, ताटावरची माशी हाकलावी तसा. फोन कानाला लावला, उलटा, मी सुलटा करून दिला.

"बोला," ती म्हणाली. "चेअरमन बोलतोय."