दुसरं नाव

ऑर्व्हिलने पिल्लाचा पुढचा पाय उचलला, पंजा उलटा केला आणि बोटांमधली कातडी अंगठ्याने हळूच ताणून पाहिली. मग मागचे पाय, पाठ, जबडा. पिल्लू त्याच्या बाहीचं बटण चावत होतं. त्याने ते पेंढ्यात सोडलं आणि दुसरं उचललं.

आठ आठवड्यांची पाच पिल्लं होती. त्यांची आई आपल्या खोपटाच्या छपरावर बसून या म्हाताऱ्याच्या हातांवर नजर ठेवून होती.

"पाय चांगले आहेत," तो म्हणाला. "बोटं घट्ट. मध्ये बर्फ साचायचा नाही."

"यांच्यासाठी बाप दोन वर्षं शोधत होते मी," एफी म्हणाली. "आणि कोणतं पिल्लू कुणाकडे जायचं ते मी ठरवते, काका. उगाच एकात जीव गुंतवू नका."

एफीने पन्नाशी ओलांडली होती. तिच्या अंगणात चौदा कुत्री होती. दोन वर्षांतून एखादं वेत, तेही आधी घरं ठरल्याशिवाय नाही. नदीकाठच्या गावांत लोक म्हणत, एफीच्या घरची मुलगी मागून आणणं सोपं, पिल्लू मागून आणणं कठीण. या खेपेला एका घराने ऐन वेळी पाय मागे घेतल्याचं कानावर आलं, तसा ऑर्व्हिल पहाटेच निघाला. गोठलेल्या नदीवरून बेचाळीस मैल इंजिनाची बर्फगाडी हाणत तो आला होता. मागे जोडलेल्या स्लेजवर त्याने पेंढा घातलेलं खोकं आधीच बांधून आणलं होतं. ते खोकं एफीने पाहिलं होतं.

घरात तिने त्याच्यापुढे चहा आणि सुकवलेला सामन मासा ठेवला. मग चष्मा चढवून कागद पुढे ओढला.

"वय?"

"तुला ठाऊक आहे."

"कागदाला नाही ठाऊक."

"एकाहत्तर."

"हे कुत्रं चौदा वर्षं जगेल, काका."

"म्हणजे मी पंच्याऐंशीचा. माझा बाप त्या वयात लाकडं फोडायचा."

"तुमचा बाप बर्फगाडीवरून दोनदा पडला नव्हता."

"एकदाच पडलो. दुसऱ्यांदा मी उतरलो होतो."

एफी हसली, पण पेन तिने खाली ठेवलं नाही.

"तुमच्यानंतर कोण सांभाळेल? एक नाव हवं. आणि त्या माणसाच्या तोंडचं 'हो' मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

"तूच सांगतेस ना लोकांना, नाही जमलं तर परत आणा म्हणून?"

"सांगते. केव्हाही आणा, कुठल्याही वयाचं आणा. पण मी शेवटचं दार आहे, काका. पहिलं नाव दुसऱ्या कुणाचं लागतं."

त्याने चहाचा घोट घेतला. माशाला हात लावला नाही.

"बरं, ते मागाहून बघू," एफी म्हणाली, आणि तिचा आवाज जरा खाली आला. "याआधी तुमच्या अंगणात जी कुत्री होती, त्यांचं काय झालं? हे मी सगळ्यांनाच विचारते."

तिला उत्तर माहीत होतं. सगळ्या नदीकाठाला माहीत होतं. तरी पेन टेकवून ती वाट बघत राहिली.

"सात होती," ऑर्व्हिल म्हणाला. "माझी नव्हती, डेलियाची. माझ्या मुलीची. सहा वर्षांपूर्वी माझी बायको, वर्ना, फेअरबँक्स शहरातल्या दवाखान्यात होती. आईच्या उशाशी पोरगी, आणि कुत्र्यांपाशी मी. त्या हिवाळ्यात कुत्र्यांना घालायची मासळी लवकर संपली." तो कपाकडे बघत बोलत होता. "नदीच्या खालच्या अंगाचा एक माणूस आला. म्हणाला, सगळी नेतो. मी एका दुपारी देऊन टाकली."

"डेलियाला विचारून?"

"नाही. आणि त्यालाही काही विचारलं नाही. कुठे ठेवणार, काय घालणार... तू मला आता जे विचारतेस, त्यातलं एकही नाही."

चुलीत लाकूड ढासळलं. एफीने उठून ते सारखं केलं आणि पुन्हा येऊन बसली.

"पुढे?"

"वर्ना गेली. डेलिया वसंतात शोधायला निघाली. दोन सापडली, तीही उपाशी, हाडं निघालेली. गाडीला सगळ्यांत पुढे जुंपायची तिची म्होरकी कुत्री होती, मिंक. ती सापडलीच नाही. तेव्हापासून पोरगी माझ्या घरात आलेली नाही."

"लिहू हे?"

"लिही."

एफी सावकाश लिहीत होती. तिचं होईपर्यंत तो भिंतीवरच्या फोनकडे बघत बसला.

"नाव तिचंच आहे," तो शेवटी म्हणाला. "दुसरं कुणी नाही मला."

नंबर त्याला तोंडपाठ होता. एफीने फिरवला, पलीकडे घंटा वाजायला लागल्यावर फोन त्याच्या हातात दिला. डेलिया विमानतळावर मालाच्या गोदामात कामाला होती. तिने फोन उचलला तेव्हा मागे पत्रे आपटल्यासारखा आवाज येत होता.

"मी आहे," ऑर्व्हिल म्हणाला.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही. बरा आहे मी. एफीकडे आलोय. पिल्लू मागायला."

ऑर्व्हिलने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझ्यानंतर कोण सांभाळणार, ते नाव लागतं."

"आणि तुम्ही माझं देताय."

"हो."

"नाही, बाबा." ती चिडली नव्हती, त्यामुळेच त्याला ते जास्त लागलं. "तुमच्या कुत्र्यासाठी तुमच्या नावाखाली मी माझं नाव घालणार नाही."

"बरं," तो म्हणाला. "बरोबर आहे तुझं." पण त्याने फोन खाली ठेवला नाही. तिनेही फोन ठेवला नाही.

"एफीला द्या," ती म्हणाली.

ऑर्व्हिल खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याला अर्धंच ऐकू येत होतं.

"हो, मादी... काळी, छातीवर पांढरं... डोळे तपासून घेतलेत... तिची आजी अजून आहे ना, तेरा वर्षांची. कालच माझ्या ताटातलं पळवलं तिने... हो, सांगितलं त्यांनी. सगळं. मी विचारल्यावर, पण सांगितलं... हं... हं. बरं, बघते मी."

एफीने फोन ठेवला. खुर्चीत बसून तिने कागदावर एक रेघ मारली, मग आणखी एक, आणि कागद त्याच्याकडे फिरवला. वरच्या ओळीतलं त्याचं नाव खोडलेलं होतं. तिथे डेलियाचं होतं. खालच्या ओळीत त्याचं.

"कुत्री तिची," एफी म्हणाली. "पण शहरात तिला दोनच खोल्या आहेत, तिथे ठेवता यायची नाही. म्हणून राहील तुमच्या अंगणात. कुणाला द्यायची, हलवायची झाली, तर आधी तिला विचारायचं. आणि दर रविवारी फोन करून सांगायचं, कशी आहे म्हणून. सांगण्यासारखं काही नसलं तरी."

"ती म्हणाली असं?"

"रविवारचं ती म्हणाली. बाकीचं मी घातलं."

त्याने पेन घेतलं. सही करायला त्याला बराच वेळ लागला.

"आज मात्र पिल्लू मिळायचं नाही," एफी म्हणाली. "परवा शनिवारच्या विमानाने ती येतेय. म्हणाली, आधी माझ्या डोळ्यांनी बघेन."

"पिल्लू?"

"काय बघायचंय, ते मी नाही विचारलं."

ऑर्व्हिलने टोपी उचलली. "जाऊन येतो मग. शनिवारी सकाळी हजर होईन."

"बेचाळीस जायचे, बेचाळीस यायचे, आणि वर ही कंबर? इथेच राहा. पण फुकट नाही हं. माझ्या कुत्र्यांची जेवायची वेळ झालीय."

अंगणात अर्ध्या कापलेल्या पिंपात मासळी आणि भात शिजून तयार होता. ऑर्व्हिलने बादली भरली, तशी चौदाही कुत्री एकदम उठून ओरडायला लागली. सहा वर्षांत हा ओरडा त्याच्यासाठी कुणी केला नव्हता. त्याने पहिल्या खोपटापुढे भांडं भरलं आणि कुत्रं चाटूनपुसून मोकळं होईपर्यंत तिथेच उभा राहिला. मग दुसऱ्यापुढे. एफी घाई करा म्हणाली नाही. शेवटच्या खोपटापर्यंत पोहोचेतो सगळीकडे शांत झालं होतं.

"झाली सगळी?" तिने दारातून विचारलं.

"थांब," तो म्हणाला, आणि रिकामी बादली घेऊन पुन्हा पहिल्या खोपटापासून एकेक कुत्रं मोजत निघाला.