नंदीचा डावा खांदा

सगुणानं राखेची पाटी खाली ठेवली आणि नंदीकडे बघून कपाळावर हात मारला. काल दुपारी घासून कोरडा केलेला दगड आज पुन्हा तेलानं निथळत होता. वशिंडावर हळद, पाठीवर कुंकू, मांडीपाशी कुणीतरी ठेवलेला भाताचा मुटका आणि त्याच्याकडे निघालेली मुंग्यांची रांग. पुढं जिथं तोंड यायचं होतं तिथं अजून नुसता चौकोनी ठोकळा होता. त्या ठोकळ्यावर नारळ फोडला होता.

"फोडा," ती स्वतःशीच म्हणाली. "हितंच फोडा. वाडीत दुसरा दगडच न्हाई."

तिनं कडेवरची बनी चाफ्याला बांधलेल्या झोळीत टाकली, पायानं झोळीला झोका दिला आणि राखेत हात घातला. पंधरा दिवस हेच चाललं होतं. नऊ महिन्यांची लेक, घरचं जात्यापाण्याचं, आणि वर हे दगडाचं न्हाणं. बनीला रोज आंघोळ मिळायची नाही. नंदीला मिळायची.

आंबवड्याच्या वरच्या अंगाच्या या वाडीत महादेवाचं देऊळ जुनं, पण त्याचा नंदी झिजून झिजून उंडा झाला होता. चिमाजी पाटलांनी नवा करायचं मनावर घेतलं आणि काम सावळाराम पाथरवटाला सांगितलं. सावळाराम म्हणजे सगुणाचा नवरा. वयाची दहा वर्षं त्यानं भाटघरच्या धरणावर चिरे घडवण्यात घातली होती. सगळे चौकोनी, सगळे एका मापाचे, आणि सगळे भिंतीत गेलेले. धरण झालं, काम संपलं, मग गावोगाव पाटे, वरवंटे, जाती. त्याच्या हातानं कधी कशाला डोळे काढले नव्हते. नंदीचं काम अंगावर आलं त्या दिवशी तो जेवता जेवता मधेच थांबला आणि म्हणाला, "तोंड काढायचंय गं." एवढंच. पण सगुणाला ते पुरेसं कळलं होतं.

दगड त्यानं वेळवंडीच्या काठाला दोन महिने हिंडून शोधला. शंभर दगडांवर हातोडी वाजवली असेल. बद्द वाजला की पुढं, बद्द वाजला की पुढं. हा एक मात्र घंटेसारखा वाजला. आठ बैल लावून तो देवळापुढं ओढत आणला आणि तिथंच घडवायला घेतला, कारण घडल्यावर पुन्हा हलवायची कुणाची छाती नव्हती. आधी कावेत बुडवलेल्या दोरीनं तांबड्या रेघा मारायच्या, मग रेघेबाहेरचा दगड टाकीनं उडवायचा, पुन्हा रेघा, पुन्हा टाकी. मागून सुरू करून तो पुढं येत होता. शेपटी झाली, मांड्या झाल्या, वशिंड झालं. तोंड शेवटी. त्यानं मातीचं तोंड आधीच करून ठेवलं होतं घरात, ओल्या गोणपाटाखाली. वाळून तडकू नये म्हणून त्याच्यावर दोनदा पाणी शिंपडायचं कामही सगुणाकडेच होतं. घरात दोन तान्ही होती म्हणायची.

आणि मग वाडीतल्या ठकुबाईची म्हैस आटली.

म्हशीचं पारडू मेलं आणि तिनं पान्हा चोरला. जाता जाता ठकुबाईनं अर्ध्या घडलेल्या नंदीला तेल लावलं, हळद लावली. आता जनावराचंच दुखणं, म्हणून जनावराच्या देवाला, एवढाच तिचा हिशेब. संध्याकाळी म्हैस पान्हावली. झालं. दुसऱ्या दिवशी एकीनं रडकं पोर आणलं, तिसऱ्या दिवशी दुसरीनं न चालणारी शेळी आणली, आणि आठवड्यात बिनतोंडाच्या देवाची कीर्ती नसरापूरच्या बाजारापर्यंत गेली.

सावळारामानं पहिल्यांदा समजावून सांगितलं. तेल पडलं की दगडावर काव धरत नाही, रेघ फिसकटते, टाकी घसरते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शीर दिसत नाही. दगडात केसाएवढी चीर असली तर त्यावर पाणी मारून बघायचं असतं. सगळा दगड वाळतो आणि चीर तेवढी ओली राहते. तेलकट दगड सगळाच ओला दिसतो. मग नाक घडवता घडवता अर्धं नाक हातात यायचं. बायकांनी हे सगळं ऐकून घेतलं, माना डोलावल्या आणि तेलाची वाटी दुसऱ्या बाजूनं नेऊन ओतली.

मग तो चिडला. देव न्हाई, दगड हाय, असं चारचौघात म्हणाला. ते मात्र वाडीला लागलं. पाटलांनी त्याला बोलावून घेतलं. पाटील माणूस वाईट नव्हता, पण दोन्हीकडून डोकं पिकलेला होता. लोक आता नंदीला टाकी लावू देणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. पूजा लागलेल्या देवावर लोखंड चालवायचं म्हणजे वाडीवर आफत. आहे असाच बसवू शिवरात्रीला.

"पर त्येला तोंड न्हाई, पाटील," सावळाराम म्हणाला.

तिथं बसलेला सोनबा गुरव, देवळाचा पुजारी, हसून म्हणाला, "नंदीला तोंड कशाला रं? बायकू हाय का त्येला भांडायला?"

सगळे हसले. सावळाराम घरी आला, टाक्या धोपटीत भरल्या आणि कोपऱ्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवसापासून अंगणात पाटे घडवायला बसला. ठक ठक ठक, चौकोनी. सगुणाशी भांडला असता तरी तिला बरं वाटलं असतं. तो भांडतही नव्हता. फक्त एकदा म्हणाला, त्या मातीवर आता पाणी मारू नगंस, तडकू दे.

तिनं मारलं. चुलीवरचं कालवण करपू देऊन मारलं.

वैताग तिला सगळ्यांचाच आला होता. ठकुबाईचा, तिच्या म्हशीचा, हसणाऱ्या गुरवाचा. आणि खरं तर नवऱ्याचाही, कारण दगडाला बोलतं करणारा हा माणूस माणसांपुढं मुका होत होता. एके सकाळी पाणवठ्यावर ठकुबाई नंदीचं कौतुक सांगू लागली तेव्हा सगुणा घागर विसळता विसळता बोलून गेली.

"एवढा जागृत हाय तर त्येलाच इचारा की मावशी, तोंड पायजे का नको. लावा कौल."

ठकुबाईला ते फार पटलं. दुपारपर्यंत सगळ्या वाडीला पटलं. सोमवारी कौल लावायचं ठरलं. नंदीच्या दोन्ही खांद्यांना कण्हेरीची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवायची. उजवी आधी पडली तर देवाला तोंड हवं, डावी पडली तर नको.

घरी परत येताना सगुणाच्या डोक्यात पाकळ्याच घोळत होत्या. पाथरवटाच्या घरात सहा वर्षं काढलेल्या बाईला एक गोष्ट कुणी सांगावी लागत नाही. टाकी मारलेला दगड खरबरीत असतो, त्याला ओलं पान धरून राहत नाही. घासलेल्या गुळगुळीत पाट्याला मात्र कोथिंबिरीचं पान असं चिकटतं की नखानं काढावं लागतं. नंदीचे दोन्ही खांदे अजून टाकीचेच होते.

शनिवारी आणि रविवारी तिनं राखेच्या पाटीत कुरुंदाचा दगड लपवून नेला. पाट्यांवर शेवटचा हात तीच फिरवायची, पाणी मारून कुरुंदानं घासायची, त्यामुळे हाताला सवय होती. सवय नव्हती ती बनीच्या रडण्याला. डाव्या खांद्याची तळहाताएवढी जागा गुळगुळीत करायला दोन दुपारी लागल्या. त्यात पोरगी चार वेळा उठली, दोनदा पाजावी लागली, आणि एकदा तर एका हातानं पदराखाली लेक आणि दुसऱ्या हातानं नंदी असं चाललं. येणारीजाणारी म्हणायची, किती मनापासून करतीया देवाचं. सगुणा मान खाली घालून घासत राहायची. मनाला टोचत होतं. पण तिनं मनाला सांगितलं, अजून त्याला डोळे कुठं आहेत? बघतंय कोण?

सोमवारी सगळी वाडी जमली. सावळाराम आला, तो पाटलांनी माणूस धाडला म्हणून, आणि मागं जाऊन उभा राहिला. सोनबा गुरवानं गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या भिजवल्या, दोन्ही खांद्यांना लावल्या.

दोन्ही राहिल्या.

ऊन चढत गेलं. पोरं कंटाळली. सगुणाची नजर डाव्या पाकळीवर होती आणि ती पाकळी, मेली, हळूच बोटभर खाली सरकली. बायकांत कुजबुज झाली. दोन दुपारी, दोन्ही कोपरं, सगळं पाण्यात. तेवढ्यात उजवी पाकळी कडेनं सुकून वळली, जराशी उचलली गेली आणि टपकन खाली पडली. डावी होती तिथंच थांबली.

"उजवा दिला," सोनबा म्हणाला. त्याचा आवाज खरंच हलला होता.

ठकुबाई सगळ्यांना सांगत सुटली की मी आधीच म्हणत होते, देवाला तोंड हवंच होतं. पाटलांनी डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा श्वास सोडला. सावळाराम घरी गेला आणि धोपटी घेऊन परत आला. दुसऱ्या हातावर, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं मातीचं तोंड होतं. त्याला कुठंही चीर नव्हती. ते त्यानं सगुणापुढं धरलं, तिच्याकडे बघितलं आणि खाली ठेवलं.

तीन आठवडे त्यानं मान वर केली नाही. नाकपुड्या आल्या, ओठाची जाड कड आली, घंटांची माळ आली. डोळे त्यानं शेवटी काढले, सकाळच्या तिरक्या उन्हात, दर टाकीनंतर फुंकर मारून. त्या दिवशी सगुणा बनीला घेऊन समोर उभी राहिली तेव्हा बनीनं नंदीकडे बघून हात पुढं केला. गोठ्यातल्या बैलाकडे करायची तसाच.

मग तो सगळ्या अंगावरून तळहात फिरवू लागला, कुठं काही राहिलंय का बघायला. डाव्या खांद्यावर हात थांबला. पुन्हा फिरला. उजव्या खांद्यावर गेला, परत डाव्यावर आला.

"ह्यो डावा खांदा कुणी घासला?"

सगुणा बनीच्या अंगड्याचा बंद बांधू लागली.

"खालनं वर घासलाय," तो म्हणाला. "पाटा घासत्यात तसा. आपल्या घरी एकच जण घासतंय असं."

"तवा त्येला डोळं नव्हतं," सगुणा म्हणाली.

सावळारामानं नंदीच्या नव्या डोळ्यांकडे बघितलं. त्याच्या मिशा हलल्या, पण हसला की नाही ते तिला कळलं नाही. त्यानं धोपटीतून कुरुंदाचा दगड काढला आणि तिच्या हातात दिला.

"आता उजवाबी घास. आन् बाकीचं अंगबी. येक खांदा चमकतोय न् दुसरा न्हाई, लोकं इचारतील. शिवरात्रीला चार दिस हायेत."

सगुणानं एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा नंदीच्या त्या अवाढव्य अंगाकडे. झोळी बांधायला चाफ्याकडे वळली तर समोरून ठकुबाई येताना दिसली. म्हशीला बरं होतं. तिच्या हातात या खेपेला तेलाची वाटी नव्हती, अख्खा तांब्या होता.