लिंबूमावशीचा ओटा

सुनेची ही पहिलीच ऑर्डर. ओट्यांचे दगड कापायचा कारखाना सासऱ्यांचा, आणि त्यांनी सकाळीच बजावलं होतं, "हे गिऱ्हाईक हातचं गेलं, तर उद्यापासून तू परत पॉलिशला." पॉलिश म्हणजे दिवसभर पाणी नि चिखल. संध्याकाळी घरी गेलं की आरसासुद्धा विचारायचा, बाई, आपण कोण?

गिऱ्हाईक होती लिंबूमावशी. लिंबाचा रस बाटल्यांत भरून विकायची. तिला ओटा हवा होता पांढराशुभ्र, संगमरवरी.

"मावशी, तुम्ही ग्रॅनाइट घ्या."

"काळा? अगं, काळा तर माझ्या जावेकडे आहे!"

झाली का पंचाईत! हो म्हणावं तर ऑर्डर पक्की, पण ओट्याचं वाटोळं. नाही म्हणावं तर पॉलिश.

सुनेनं बाह्या सरसावल्या. "मावशी, दगडांचीही कुळं असतात. ग्रॅनाइट म्हणजे जमिनीच्या पोटातला तप्त रस. त्याला वर यायची घाई नाही, आतच लाखो वर्षं निवत बसला, म्हणून दाणे असे ठळक. चुनखडी गाळाची. समुद्राच्या तळाशी शंखशिंपल्यांचा चुरा थरावर थर साचला, दबला, दगड झाला. तीच चुनखडी खोल जाऊन भाजली, आवळली गेली की झाला संगमरवर. रूप पालटलं, अंगातला चुना तोच. आणि चुन्याचं नि लिंबाचं हाडवैर!"

"चल गं! दगडाला कसलं आलंय वैर?"

सुनेनं मावशीच्याच पिशवीतलं लिंबू कापलं आणि समोर दिसला त्या पांढऱ्या दगडावर पिळलं. बारीक बुडबुडे आले. थोड्या वेळानं पुसलं, तर रुपयाएवढा निस्तेज डाग! शेजारच्या ग्रॅनाइटवर पिळलं, तर तो ढिम्म.

फक्त एक घोटाळा झाला. तो पांढरा दगड म्हणजे सासऱ्यांचं लाडकं टेबल. इतकं गुळगुळीत, की माशी बसली तर घसरत थेट चौकात जायची.

"माझं टेबल!" सासरे दारातूनच ओरडले.

"अहो, ओरडता काय?" मावशीच उसळली. "पोरीनं माझा ओटा वाचवला! द्या तो ग्रॅनाइट. पण जावेच्या ओट्यापेक्षा वीतभर लांब हवा हं!"

सासऱ्यांनी डागावर अंगठा घासला. डाग हटेना. मग सुनेकडे बघितलं आणि खिशातली मापाची टेप तिच्या हातात ठेवली.

"जा, मावशींकडची मापं घेऊन ये. आणि ते उरलेलं लिंबू आधी माझ्या नजरेआड कर."