राक्षस बुडतो ती जागा

डगनं चौथ्यांदा टेप मागे घेतली.

पडद्यावरचा काळपट राक्षस उलट्या पावली पाण्यातून वर आला, काठाकडे सरकला आणि थांबला. डगनं पुन्हा बटण दाबलं. राक्षस पुन्हा खाणीच्या पाण्यात उतरला, छातीपर्यंत गेला, त्याचा पाय घसरला आणि दोन्ही हात वर करून तो बुडायला लागला. तळघरातली सात-आठ माणसं पोट धरून हसली. या जागी चित्रावर पांढऱ्या रेघा पडत होत्या आणि आवाज घोगरा होत होता. इतक्यांदा मागेपुढे करून टेप नेमकी तिथंच झिजली होती.

"बघा बघा, आता मान टाकतोय!"

"अरे, चिखलात रुतलेली गाय परवडली!"

नोरीन सँडविचचं ताट घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. ताट समोरच्या स्टुलावर आदळून ती जायला वळली.

"आई, थांबा ना जरा," डग म्हणाला. "आज खुद्द राक्षस आलाय आपल्या घरी!"

डग तिचा जावई. नवरा गेल्यावर नोरीन लेकीच्या घरी राहायला आली, त्याला दोन वर्षं झाली होती. लेक शनिवारी दवाखान्यात कामाला जायची आणि इकडे जावयाच्या तळघरात दुपारची मैफल भरायची. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे दीडदमडीचे राक्षसपट, रबरी विंचू, दोरीला लटकलेली वटवाघळं, पुठ्ठ्याच्या गुहा. कुठं सिनेमा फसलाय ती जागा शोधायची, आणि ती मागे घेऊन घेऊन बघायची, कितीदा ते डगनं वहीत मांडायचं, असा या लोकांचा रिवाज. खरं सांगायचं तर नोरीनलाही त्यात गंमत यायची. वटवाघळाची दोरी पहिल्यांदा तिलाच दिसली होती. फक्त 'दगडखाणीचा सैतान' लावला, की ती काहीतरी निमित्त काढून वर जायची.

आज डगच्या खुर्चीत स्टॅन हुडाक बसला होता. एके काळी जत्रेत कुस्त्या मारणारा गडी, आता गळ्याखाली मांसाची पोळी सुटलेली. सिनेमाच्या नामावळीत 'सैतान' म्हणून त्याचंच नाव होतं. तीस वर्षं तो गावोगावच्या मेळाव्यांत आधी फोटोंवर, मग टेपच्या खोक्यांवर सह्या करत हिंडत होता. डगनं त्याच्यापुढे रेकॉर्डर ठेवला होता. शौकिनांसाठी डग एक छोटा अंक काढायचा, चार राज्यांत जायचा तो. त्यात या पंधरा सेकंदांची खरी हकिगत पहिल्यांदाच येणार होती.

"हं, आता सांगा," डग म्हणाला. "हे असं बुडायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?"

स्टॅननं घसा साफ केला. "माझ्याच. दिग्दर्शक म्हणाला, नुसता पाण्यात उतर. मी म्हटलं, लोकांना जरा हसवू. आणि दिली ठोकून!"

सगळे हसले. डगनं पाचव्यांदा टेप मागे घेतली.

नोरीन वर स्वयंपाकघरात आली आणि तिनं नळ सोडला. हात धुतले, पुन्हा धुतले. तो वास काही जाईना. कच्च्या रबराचा, अमोनियाचा, अन् चकाकी यावी म्हणून अंगभर फासलेल्या साखरेच्या पाकाचा वास. पाकावर माशा बसायच्या. रबराच्या आत आदल्या तीन दिवसांचा दुसऱ्याचा घाम आंबलेला असायचा. बावीस वर्षांची होती ती तेव्हा. शवपेट्यांना आतून रेशमी अस्तर शिवायच्या कारखान्यात कामाला होती. सिनेमावाले आले आणि राक्षसाचं कातडं शिवायला तिला घेऊन गेले. चौथ्या दिवशी पाण्यातलं काम होतं. स्टॅननं पाण्यात उतरायला साफ नकार दिला. त्याच्या मापाचं कातडं दुसऱ्या कुणाला होणार? सहा फूट उंच दुसरं माणूस तिथं एकच होतं, सुईदोरा हातात धरून उभं.

कातडं पाणी प्यायलं आणि दगडासारखं जड झालं. डोळ्यांच्या भोकांतून आधी पाणी आलं, मग गाळ. चेन पाठीवर होती, बाहेरून उघडायची. तिनं आत किंचाळून घेतलं, आतच ओकली, आणि आणखी जे व्हायचं ते झालं. काठावर सगळे हसत होते, ते तिला पाण्याखालीही ऐकू येत होतं. शेवटी एका वायरमननं कॅमेऱ्याच्या तराफ्यावरून उडी टाकली आणि चाकूनं कातड्याची मान फाडून तिला बाहेर काढलं. बाहेर आली ती ओकारीनं माखलेली. मग तर आणखीच हसले. दिग्दर्शक म्हणाला, झकास झालं, परत घ्यायची गरज नाही.

तिनं हे कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. काय सांगणार? मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, आणि वर उंदरालाच लाज वाटते. इतकी वर्षं ते कातडं कुठंतरी कुजून गेलं असेल, असं समजून ती राहिली होती. मग हे व्हिडिओ निघाले, आणि तिचं मरण बटणावर आलं.

जिन्यावर जड पावलं वाजली. स्टॅन कठड्याला धरून वर आला.

"बाथरूम डावीकडे," नोरीन म्हणाली.

तो गेला नाही. टेबलाशी उभा राहिला.

"तू जिन्यावर उभी होतीस तेव्हाच ओळखलं," तो म्हणाला. "एवढ्या उंच बायका असतात किती?"

"ओळखलंस, आणि तरी तोंड वर करून सांगत बसलास?"

"सवय झाली."

"शी! कसली सवय रे? दुसऱ्याच्या ओकारीवर सह्या करायची?"

स्टॅननं खुर्ची ओढली, पण बसला नाही. त्याचे कान लाल झाले होते.

"मला पोहता येत नाही," तो म्हणाला. "कुस्तीगीर आणि पाण्याला भितो, म्हणजे गावभर शोभा. म्हणून पोटात दुखतंय म्हणालो."

"ते मला तेव्हाच कळलं होतं."

"पुढचं नाही कळलं. सगळ्यात आधी मी हसलो, नोरीन. आधी खरंच गंमत वाटली. मग लक्षात आलं, ही बुडतेय. तरी मी हसत राहिलो. थांबलो असतो, तर पाण्यात उतरावं लागलं असतं."

नळ वाहत होता. नोरीननं तो बंद केला.

"म्हणून मीच आत होतो असं सांगायला लागलो," तो म्हणाला. "आत मी असलो, की बुडणारं कुणी राहतच नाही. काठावर हसणारंही कुणी राहत नाही."

तिला त्याची कीव आली नाही. यायला हवी होती कदाचित. तिला त्याच्या सुटलेल्या गळ्याची, ओल्या डोळ्यांची, त्याच्या या छान जुळवलेल्या पश्चात्तापाचीही किळस आली.

"मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "मी तिथं होते. खाली जा आणि त्यांना सांग. अंकात तेच छापून येऊ दे."

"ते काय म्हणतील?"

"ते तू बघ. जा."

तो खाली गेला. नोरीन जिन्याच्या तोंडाशी कान देऊन उभी राहिली. खाली आवाज जरा कमी झाला. स्टॅन बोलत होता. आधी अडखळत, मग सलग. पोटदुखीचं सांगितलं. शवपेट्यांचं अस्तर शिवणारी पोरगी आत होती म्हणून सांगितलं. ती खरीच बुडत होती, तेही सांगितलं. सांगितलं बिचाऱ्यानं, तिच्या नावाखेरीज एक शब्द गाळला नाही.



मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि सगळं तळघर फुटलं.

"काय पण थापा मारतोय हा म्हातारा!"

"शवपेट्यांचं अस्तर शिवणारी! अरे, हे आधीच्यापेक्षा भारी आहे!"

"लावा, परत लावा!" डग ओरडला. "आता ती पोरगी आत आहे असं समजून बघू!"

टेप मागे जाताना होणारी घरघर वरपर्यंत आली.

नोरीन जिना उतरली. सावकाश नाही, घाईतही नाही. माणसांच्या पायांतून वाट काढत ती थेट टीव्हीपुढे जाऊन उभी राहिली. तिचं डोकं छतातल्या पाइपाला टेकत होतं.

"आई, दिसत नाहीये," डग हसत हसत म्हणाला. "जरा बाजूला होता का?"

ती बाजूला झाली, पण एकच पाऊल. आता पडदाही दिसत होता आणि तीही. पडद्यावर राक्षसाचा पाय घसरला. तिकडे न बघता नोरीननं दोन्ही हात वर केले. बोटं फाकवली. डावा हात खाली आपटला, दोनदा. उजवा वळून मानेमागे गेला, पाठीच्या कण्यावर काहीतरी चाचपायला लागला, पोचेना, पुन्हा चाचपायला लागला. राक्षसाचा हातही तेव्हाच पोचला नाही. मग तिची मान कलली. त्याचीही कलली. पांढऱ्या रेघांच्या आत पाणी हललं आणि मिटलं.

हसणं एकदम नाही थांबलं. पुढच्या दोघांचं आधी बंद झालं, मग सोफ्यावरच्यांचं. कोपऱ्यातला एकजण उशिरापर्यंत खिदळत होता. शेजारच्यानं त्याच्या दंडावर हात ठेवला.

स्टॅन मान खाली घालून बसला होता. डगच्या हातात रिमोट होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई," तो म्हणाला, "मी हे... मी हे किती वेळा..."

"मी नाही मोजलं," नोरीन म्हणाली. "तुझ्याकडे वही असेल."

तिनं खाली वाकून रेकॉर्डर उचलला, चालू आहे ना ते बघितलं, आणि स्टॅनला खुर्चीवरून उठायची खूण केली.