बिनपगारी महिना

उस्तादांच्या डोक्यातली आयकराची रेघ म्हणजे दगडावरची रेघ होती. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारे उस्ताद कुठला बिघाड कुठे आहे ते नुसत्या आवाजावरून सांगायचे; पण या कराचं नाव निघालं की त्यांची अक्कल तळमजल्यावरच अडकायची. वर्षाचा पगार अमुक आकड्याच्या पुढे गेला की वरचा दर सगळ्याच्या सगळ्या पगाराला लागतो आणि वाढ मिळूनही हातात आधीपेक्षा कमी पडतं, असं त्यांना ऐन उमेदीत कुणा शहाण्याने सांगितलं होतं. तेव्हापासून ते रेघेच्या आत राहायला दरवर्षी वर्षअखेरचा अख्खा महिना बिनपगारी रजा घ्यायचे. अर्जात कारणाच्या रकान्यात ‘प्रकृती ठीक नाही’ असं ठोकून द्यायचे, आणि महिनाभर घोड्यासारखे ठणठणीत असायचे.

हे सगळं साफ चूक आहे, हे त्यांच्या बायकोला सात वर्षांपासून ठाऊक होतं.

ती घराच्या पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करून द्यायची. आयकर कचेरीतला एक कारकून पँट कमरेत सैल करून घ्यायला आला होता, तेव्हा तिने सहज त्याला विचारलं. त्याने टेबलावरचा खडू उचलला आणि स्वतःच्याच पँटवर दोन आडव्या रेघा मारल्या. “हे बघा मावशी, ही पँट म्हणजे पगार. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कर नाही. गुडघ्यापासून मांडीपर्यंत शंभराला पाच. त्याच्या वर जेवढं कापड, तेवढ्यालाच वीस. वर कितीही कापड जोडा, खालची शिवण कुणी उसवत नाही.”

शिवणकामाची भाषा ती, तिला एका झटक्यात कळलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगायचं असं तिने पक्कं ठरवलं. आणि सांगितलं नाही.

तिला तो महिना हवा होता. एरवी उस्ताद सहाला जायचे आणि ग्रीसचे हात घेऊन परत यायचे ते जेवता जेवता पेंगायला. पण त्या महिन्यात ते तिच्या मशीनशेजारी बुटक्या स्टुलावर बसायचे. तिला आता सुईचं भोक दिसत नसे, म्हणून सकाळीच दहा-बारा सुयांत दोरा ओवून ठेवायचे. दहाला चहा करायचे, त्यात साखर जास्त घालायचे, आणि लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या नकला करायचे. पोरं आपापल्या संसाराला लागल्यावर घरात एवढं हसू दुसऱ्या कुठल्या महिन्यात नव्हतं. मग काय, अळीमिळी गुपचिळी. दर वर्षी एक पगार जायचा, आणि ती तो हसत जाऊ द्यायची.

पण यंदा गोष्ट वेगळी होती. दोन महिन्यांपूर्वी शिडीवर उस्तादांचा गुडघा दगा देऊन गेला. आठव्या मजल्यावर, एका हातावर लटकले होते. घरी येऊन त्यांनी तो गमतीचा किस्सा म्हणून सांगितला. ती ऐकत होती आणि सुई बोटात घुसलेली तिला कळलीसुद्धा नाही.

आणि गुरुवारी संध्याकाळी ते म्हणाले, “मला सुपरवायझर करतायत. खुर्ची, टेबल, फोन. शिडीला हात लावायचा नाही. उद्या उत्तर द्यायचंय.”

“मग?”

“नाही म्हणून टाकतो. पगार असा वाढतोय की एका महिन्याच्या रजेने भागायचं नाही. मालकांनाही विचारलं. ते म्हणाले, कराला जपूनच राहावं. ते बघ, दरवर्षी नवी गाडी घेतात, कंपनीच्या खर्चात टाकतात. कर वाचतो, गाडी फुकट!”

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं तिच्या मनात आलं. कंपनीला कर नफ्यावर लागतो. शंभर उधळले तर कराचे पंचवीस वाचतील, पण बाकीचे पंचाहत्तर गेले ते गेलेच की! पण मालकाची गाडी गेली खड्ड्यात. तिच्यासमोर शिडी उभी होती. बोलावं तर महिना जाणार, आणि सात वर्षांची लबाडी उघडी पडणार. गप्प बसावं तर तो गुडघा पुन्हा शिडीवर.

शुक्रवारी सकाळी तिने त्यांची कामाची पँट टेबलावर पसरली आणि खडूने दोन रेघा मारल्या. “अहो, जरा इकडे या.”

तिने कराचं, मालकांच्या गाडीचं, सगळं समजावून सांगितलं. उस्ताद चहाचा कप धरून त्या रेघांकडे बघत राहिले.

“म्हणजे वरच्या तुकड्यालाच?”

“वरच्या तुकड्यालाच.”

“हे तुला कधी कळलं?”

काल, असं म्हणता आलं असतं. “सात वर्षं झाली,” ती म्हणाली.

कप खाली ठेवला गेला. “अगं, सात महिन्यांचा पगार!”

“हो.”

“आणि तू तोंडातून चकार शब्द काढला नाहीस?”

“तुम्ही घरी असायचात,” ती म्हणाली.

उस्तादांनी तीच पँट चढवली आणि न बोलता निघून गेले. दिवसभरात तिने एका सदऱ्याची बाही उलटी जोडली, उसवली, आणि पुन्हा उलटीच जोडली. चाळीस वर्षांत ते असे गप्प कधी गेले नव्हते.

संध्याकाळी ते आले तेव्हा पँटवरच्या रेघा फिसकटल्या होत्या. ते स्टुलावर बसले. “हो म्हणून सांगितलं. मालकांनाही पँटवरच समजावलं. गाडीचा विषय काढल्यावर नाकाला मिरच्या झोंबल्या त्यांच्या.”

तिला हसावं की रडावं कळेना. उस्तादांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून मशीनवर ठेवला. रजेचा अर्ज होता. वर्षअखेरचा महिना, बिनपगारी.

“आता कशाला हा? आता रेघबिघ काही राहिली नाही.”

“म्हणून तर कारणाचा रकाना कोरा ठेवलाय. इतकी वर्षं मी त्यात थापा मारल्या. खरं कारण तुला माहीत होतं.” त्यांनी पेन तिच्यापुढे धरलं. “तूच लिही.”

तिने चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘घरी हवे आहेत.’

उस्तादांनी ते वाचलं आणि खाली सही केली.