अबू शाहीनचा ठेका

रफीफने ओल्या कपड्यांची टोपली गच्चीवर आणली, एक चादर दोरीवर टाकली आणि तिच्या आड बसून टोपलीच्या तळातून फोन काढला. मोसुलमध्ये रेंज मिळायची ती अशीच, पाण्याच्या टाकीला पाठ लावून. काळ्या झेंड्यांच्या बंदूकवाल्यांनी, झेंडेवाल्यांनी, शहर घेतल्यापासून फोन सापडला तर फटके होते. बाहेरच्या रेडिओशी बोलताना सापडलं, तर मानच जायची.

तरी तिला राहवत नसे. शहराबाहेरून चालणाऱ्या त्या रेडिओवर दुपारी तरुण पोरापोरींसाठी गाणी लागत, बातम्या लागत आणि फोन घेतले जात. बाकी सगळा दिवस ती मेल्यासारखी असायची.

"हॅलो, नर्गिस बोलतेय." हे तिचं रेडिओवरचं नाव.

"नर्गिस! होतीस कुठे गं? जीव टांगणीला लावलास आमचा," निवेदिका सजा म्हणाली.

रफीफने घाईघाईत सांगितलं, कॉलेजला कुलूप लागलंय, ग्रंथालय जाळलं. मग संत्र्याच्या बागेचं गाणं मागितलं.

"लावते. पण मागे हे काय वाजतंय? ढोलवाला आणलास की काय?" सजा हसली.

रफीफने कान दिला. खालून येत होतं, टण, टणटण... टण. तिने फोन बंद केला.

या शहरातले गॅसवाले पान्याने सिलिंडर बडवत फिरतात आणि प्रत्येकाचा ठेका वेगळा. आपला आला की दुसऱ्याचा, हे बायका स्वयंपाकघरात बसून सांगतात. अबू शाहीनला उजव्या हाताची दोन बोटं नव्हती, त्यामुळे शेवटच्या ठोक्याआधी त्याचा पाना अडखळायचा. आणि दुपारी तो याच गल्लीत असतो, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं.

ती खाली आली. आई, उम्म सिनान, कानाशी धरलेला ट्रान्झिस्टर बंद करत होती. गाणं जेमतेम सुरू झालं होतं.

"कार्टे, गल्लीचा पत्ताच दिलास की!" आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. "त्या बिचाऱ्याला धरतील. मारतील. किती मार सोसेल माणूस? सांगेलच ना!"

आईने फोन पिठाच्या डब्यात पुरला आणि पिठाळ हात तोंडावर दाबून रडली.

दुसऱ्या दुपारी अबू शाहीनची हातगाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिच्यापुढे झेंडेवाल्यांची गाडी आडवी उभी राहिली. पडद्याच्या फटीतून रफीफला सगळं दिसत होतं.

"काल दुपारी कुठे होतास?" बंदूकवाल्याने विचारलं.

"गॅस विकत होतो, शेख. अजून काय करणार?"

"तुझा ठेका रेडिओवर कसा गेला?"

"रेडिओवर? त्याला तर बंदी आहे ना? ऐकला कोणी?"

एक सणसणीत मुस्कटात बसली. अबू शाहीन हातगाडीवर कोसळला, सावरून उभा राहिला.

"वाजव!"

दुसरं काहीतरी वाजव, रफीफ मनात ओरडत होती, काहीही वाजव. त्याने पाना उचलला. टण, टणटण... टण. तोच.

"हाच तो! बोल, कुठली गल्ली?"

अबू शाहीन मान खाली घालून उभा राहिला. आणि मशिदीमागच्या रस्त्यावरून आवाज आला, टण, टणटण... टण. मग नदीकडून. मग बाजाराच्या अंगाने, अगदी तसाच अडखळत.

बंदूकवाला एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला.

"आम्ही सगळे असंच वाजवतो, शेख," अबू शाहीन ओठावरचं रक्त पुसत म्हणाला. "सगळ्यांना धरलंत तर तुमच्या पोरांचा चहा कशावर उकळणार?"

त्यांनी त्याला आणखी दोन लाथा घातल्या, हातगाडीवरचा एक सिलिंडर उचलला आणि ते निघून गेले.

थोड्या वेळाने अबू शाहीन एक सिलिंडर खांद्यावर घेऊन रफीफच्या घरी आला. उम्म सिनानने त्याच्यापुढे चहा ठेवला.

"काका, ते बाकीचे..." रफीफने कसंबसं विचारलं.

"काल संध्याकाळी गॅसच्या वखारीवर सगळ्या गॅसवाल्यांना माझा ठेका शिकवला. धडधाकट बोटांना अडखळायला जमेना लेकांच्या! शिव्या देऊन बसवून घेतला." त्याने सुजलेल्या गालाने चहा भुरकला. "एकालाही कारण विचारावं लागलं नाही. सगळ्यांनी ऐकलेलं होतं."

उम्म सिनान हळूच म्हणाली, "पण आता तुम्ही आलात हे आम्हाला कळायचं कसं?"

"नाही कळणार." तो सिलिंडर बसवायला वाकला. नळी लावून झाली तरी उठला नाही. रफीफकडे न बघताच म्हणाला, "पोरी, त्या संत्र्याच्या गाण्याचं दुसरं कडवं काय होतं गं? गाडीत दडवलेल्या माझ्या ट्रान्झिस्टरचे सेल ऐन वेळी मेले."

रफीफने आईकडे पाहिलं. उम्म सिनान उठली, गल्लीत दोन्ही बाजूंना नजर टाकली, आणि तिने खिडकी लावून घेतली.