काजमावशीनं शोधलेला सूड

काजमावशीला सूड हवा होता, आणि तोही साधासुधा नको, सात पिढ्यांनी नाव काढावं असा.

बावीस वर्षं ती शिलाई कारखान्यात खिडकीजवळच्या मशीनवर शर्टांची काजं करत होती. हात असा की तिनं केलेल्या काजात बटण म्हणे आपणहून जाऊन बसायचं. त्या मशीनवरून मुकादमानं तिला उठवलं आणि अंधाऱ्या कोपऱ्यात धागे कापायला बसवलं. कारण काय, तर लागोपाठ तीन दिवस उशीर. मावशी घरून वेळेवर निघाली होती, पण कारखान्याच्या भिंतीवरचं घड्याळ भलतंच सांगत होतं. घरचं घड्याळ दुरुस्त करून घ्या, मुकादम म्हणाला, आणि जाता जाता हळूच पुस्ती जोडली की तुमचं नाव इस्त्रीवालीनं सांगितलं.

झालं. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इस्त्रीवाली कालपर्यंत तिच्या डब्यातलं हक्कानं खाणारी. आता ती समोर दिसली की मावशीच्या हातातली कात्री आपोआप उघडायची.

सुट्टीच्या दिवशी मावशी वाचनालयात गेली आणि सूड कसा घ्यावा याचं पुस्तक मागितलं. ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं. तसं वेगळं पुस्तक नाही म्हणाले, पण जगाचा इतिहास आहे, बारा खंड, त्यात बहुतेक तेच आहे.

मावशी जी वाचत सुटली, ती जेवताना वाचे, भाजी निवडताना वाचे. तिसऱ्या खंडापर्यंत भाजीत पानं आणि पानांत भाजी अशी गत झाली. एका राजानं जिंकलेल्या शहराच्या मातीत मीठ पेरलं म्हणे. मावशीनं इस्त्रीच्या ढिगात टाचण्या पेरल्या. एका सेनापतीनं शत्रूंच्या कवट्यांचे मनोरे रचले. हे तिला फार आवडलं, पण इस्त्रीवालीची कवटी एकच, तिचा मनोरा कसला होणार, म्हणून नाइलाजानं पुढं गेली.

आठव्या खंडात मात्र तिचं बोट एका ओळीवर थांबलं ते उठेना. दोनशे वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडच्या कापड गिरण्यांत, सकाळी घड्याळाचे काटे पुढं सरकवत आणि संध्याकाळी मागं. कामगारानं स्वतःचं घड्याळ आणलं तर त्याला हाकलून देत. पुढच्या पानावर, मूठभर साहेब मोठमोठे मुलूख कसे ताब्यात ठेवत ते होतं. याच्या कानात त्याची चुगली, त्याच्या कानात याची.

मावशीच्या कारखान्यातही मनगटी घड्याळाला बंदी होती. कापडात अडकतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी तो खंड पदराखाली घेऊन ती थेट इस्त्रीच्या टेबलाशी गेली. इस्त्रीवालीनं गरम इस्त्री आडवी धरली. "कॉलर मी जाळते अशी चहाडी केलीस ना तू?"

"कुणी सांगितलं?"

"मुकादमानं."

मावशीनं खंड उघडून पुढं धरला. इस्त्रीवालीनं वाचलं आणि इस्त्री उभी ठेवली. मग म्हणाली, "टाचण्या तुझ्याच होत्या ना, मेले?" मावशीनं मान डोलावली. तेवढ्यावर ते मिटलं.

मग दोघींनी एकेकीला गाठलं. घरचं घड्याळ बिघडलंय असं मुकादमानं प्रत्येकीलाच ऐकवलं होतं, आणि लाजेपायी कुणी कुणाला बोलली नव्हती.

शनिवारी चाळीस डब्यांतून चाळीस गजराची घड्याळं कारखान्यात शिरली. टिकटिक मशिनींच्या खडखडाटात बुडाली. भिंतीवर सव्वापाच वाजलेले असताना सगळ्या डब्यांतून एकदम सहाचा, सुटायच्या वेळेचा गजर झाला. असा झाला की रिळं आपोआप उलगडली, आणि तीन गल्ल्यांपलीकडचा ठार बहिरा पेन्शनर झोपेतून उठून कोण आलंय म्हणून दार उघडायला गेला.

मुकादम धावत आला. "तुमची घरची घड्याळं बिघडलीत," तो म्हणाला, पण आवाज फाटला.

"चाळीसच्या चाळीस?" मावशीनं शांतपणे विचारलं. "आणि एकाच मिनिटाला?"

मग तिनं स्टूल सरकवलं. मुकादम सगळ्यांदेखत वर चढला आणि त्यानं काटे पुढं केले. एकही बाई हसली नाही, तेच त्याला जास्त लागलं. तो खाली उतरल्यावर मावशीनं धागे कापायची कात्री त्याच्या हातात दिली, कोपरा दाखवला आणि स्वतः खिडकीजवळच्या मशीनवर जाऊन बसली.

"झालं समाधान?" इस्त्रीवालीनं विचारलं.

मावशीनं मशीनवरून हात फिरवला. आठवा खंड तिला स्वस्थ बसू देईना. त्या गिरण्यांत काटे सरकवणारा हात मुकादमाचा असे, पण वाढीव वेळातलं कापड त्याच्या घरी जात नसे. "आपला रोजचा पाऊण तास जात कुणाकडे होता?" ती म्हणाली.

सगळ्या माना मालकाच्या बंद दाराकडे वळल्या. मावशी उठली, तशा चाळीस खुर्च्या मागं सरकल्या. दारावर तिनं तीनदा टकटक केली, आणि उत्तराची वाट न बघता दाराची मूठ खाली दाबली.